स्वतःचें नांव, भाड्याचें घर

तारखातें चालू होतें त्या काळांत व्यापारी पेढ्यांच्या पत्रांवर, अगदीं वरच्या कोपऱ्यांत, "तारेचा पत्ता" म्हणून एकच शब्द छापलेला असे. तो शब्द म्हणजे पेढीचें खरें नांवच असेल असें नव्हे. लांबलचक पत्त्यांतील प्रत्येक शब्दाला तारेंत पैसे पडत. म्हणून पेढी एक आटोपशीर शब्द निवडी, तारकचेरींत वर्षाची फी भरून तो आपल्या नांवें नोंदवी, आणि मग कोठूनहि त्या शब्दावर तार केली तरी ती बिनचूक पेढीच्या दारांत येई. पेढीनें जागा बदलली, एका गल्लींतून ती दुसऱ्या गल्लींत गेली, तरी गिऱ्हाइकाला तें कळण्याची जरुरी नसे. तारकचेरीच्या वहींत एक ओळ खोडून दुसरी लिहिली कीं काम झालें. भारतांतील तारसेवा जुलै २०१३ मध्यें बंद पडली आणि ते शब्दहि विस्मरणांत गेले.

वहींतील ओळीची ती युक्ति मात्र तारेबरोबर गेली नाहीं. इंटरनेटवर ज्याला डोमेन नेम म्हणतात, तें याच जातीचें नांव आहे: वर्षाच्या फीवर नोंदविलेलें, वहींतील ओळीनें ठिकाणाशीं बांधलेलें, आणि ठिकाण बदललें तरी न बदलणारें. आज एखाद्या शिक्षकाला, नाट्यसंस्थेला किंवा गांवच्या वाचनालयाला आपलें संकेतस्थळ उभारणें अवघड राहिलेलें नाहीं. जागा भाड्यानें मिळते, पुष्कळदां फुकटहि मिळते. त्या जागेला स्वतःचें नांव कसें जोडावयाचें, जोडणी कोठें अडते, आणि तें नांव कोणाच्या हातीं राहिलें पाहिजे, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठीं तालुक्याच्या गांवचें एक जुनें वाचनालय डोळ्यांपुढें आणावें. चिटणिसांच्या ओळखीच्या एका उत्साही तरुणानें ग्रंथांची यादी, व्याख्यानमालेचें वेळापत्रक आणि जुन्या अहवालांचीं छायाचित्रें एकत्र करून चार-सहा पानांचें संकेतस्थळ तयार केलें. जागा देणाऱ्या कंपनीनें त्याला पत्ताहि दिला. पण त्या पत्त्याचा पूर्वार्ध तेवढा वाचनालयाचा, उत्तरार्ध कंपनीचा. "अमक्यांच्या वाड्यांत, मागची खोली" असें सांगण्यापैकींच हा प्रकार. जोंवर वाडा उभा आहे आणि मालक प्रसन्न आहे, तोंवर हा पत्ता चालतो.

वाडे पडतातहि. १९९४ साली अमेरिकेंत जिओसिटीज नांवाची एक सोय निघाली. तेथें कोणालाहि फुकट जागा मिळे. तिची रचना मोठी गमतीची होती: हॉलिवुड, सिलिकॉन व्हॅली अशा नांवांच्या आळ्या पाडलेल्या आणि प्रत्येक आळींत घराला क्रमांक. लोकांनीं तेथें आपल्या छंदांचीं, गांवांचीं, आजोबा-पणजोबांच्या वंशावळींचीं पानें मांडलीं. १९९९ मध्यें ही सारी वसाहत याहू कंपनीनें विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्यें अमेरिकेंतील दार बंद केलें. जुनें साहित्य जपणाऱ्या कांहीं मंडळींनीं धांवपळ करून बरेंच वाचविलें. पण जपलेलें साहित्य आणि चालू पत्ता या दोन गोष्टी एक नव्हेत. इतर पानांवरून, पुस्तकांतून, पत्रांतून ज्यांनीं त्या घरांचे पत्ते दिले होते, ते सर्व पत्ते एका दिवसांत पोरके झाले. ज्याच्यापाशीं स्वतःचें नांव होतें, त्याला आपलें साहित्य दुसऱ्या जागीं मांडून वहींतील ओळ बदलणें शक्य होतें. ज्याचा पत्ताच वसाहतीचा, त्याच्या हातांत बदलण्याजोगें कांहींच नव्हतें.

ही वही आहे तरी कोठें? आरंभीं ती खरोखरच एक वही होती, असें म्हणावयास हरकत नाहीं. आजच्या इंटरनेटचा पूर्वज जो अर्पानेट, त्यांतील सर्व यंत्रांचीं नांवें आणि त्यांचे अंक यांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड संशोधन-संस्थेंत ठेवलेली असे. एलिझाबेथ फाइनलर या बाईंच्या देखरेखीखालील कचेरी ती यादी सांभाळी आणि इतर यंत्रें तिची नक्कल उतरून घेत. यंत्रें थोडीं होतीं तोंवर हें निभलें. तीं वाढूं लागलीं तेव्हां नक्कल घरीं पोहोंचण्यापूर्वींच मूळ यादी बदललेली असे. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस या संशोधकानें यावर तोडगा काढला. त्याच्या योजनेंत एकच मोठी वही नाहीं; वह्यांची उतरंड आहे. सर्वांत वर मूळ वही. तिच्यांत फक्त एवढेंच लिहिलेलें, कीं "कॉम", "ऑर्ग", "इन" इत्यादि शेवटांच्या वह्या कोणापाशीं आहेत. त्या वह्यांत एवढेंच, कीं अमुक नांवाची वही कोणत्या नेमसर्व्हरवर आहे. आणि त्या शेवटल्या वहींत यंत्राचा खरा अंक. मूळ वही सांभाळणारीं ठिकाणें नांवानें १३ आहेत, ए पासून एम पर्यंतच्या अक्षरांनीं ओळखलीं जाणारीं. त्यांच्या प्रती मात्र जगभर पसरलेल्या आहेत. १९८७ मध्यें या योजनेचे जे नियम पक्के झाले, तेच मुख्यतः आजहि चालतात. "डॉट कॉम" शेवटाचें पहिलें नांव १५ मार्च १९८५ रोजीं सिम्बॉलिक्स या अमेरिकन यंत्रोत्पादक कंपनीनें नोंदविलें. त्या वेळीं नोंदणीला पैसे पडत नसत. फी सुरू झाली ती १९९५ पासून.

वाचनालयापुढें पहिला प्रश्न येतो तो नांव कोणतें घ्यावें हा. यांत फार डोकें खाजविण्यासारखें कांहीं नाहीं. नांव लहान असावें, तोंडानें सांगतां यावें, आणि दूरध्वनीवर ऐकणाऱ्यानें तें एका झटक्यांत बरोबर लिहावें. मराठी नांव इंग्रजी अक्षरांत लिहितांना "व" साठीं कोणतें अक्षर आणि "ई" साठीं कोणतें, यावर जेथें दोन मतें पडतील तें नांव टाळलेलें बरें. देवनागरींतील नांवाचा मार्गहि आतां मोकळा आहे. "डॉट भारत" हा देवनागरी शेवट ऑगस्ट २०१४ मध्यें सुरू झाला आणि तो मराठी, कोंकणी, हिंदी आदि भाषांना चालतो. मात्र आंतली व्यवस्था इंग्रजी अक्षरांचीच असल्यामुळें देवनागरी नांवाचें एक गुप्त रूप तयार होतें. एक्स, एन ही दोन अक्षरें, मग दोन आडव्या रेघा, आणि त्यापुढें वरकरणीं अर्थहीन अशी अक्षरमाला. जागा देणाऱ्या पुष्कळ कंपन्यांच्या चौकटींत हेंच रूप भरावें लागतें. शिवाय देवनागरी पत्ता ई-मेलसाठीं सर्वत्र स्वीकारला जाईलच अशी खात्री अजून देतां येत नाहीं. म्हणून इंग्रजी अक्षरांतलें एक नांव मुख्य ठेवून देवनागरी नांव त्याच घराकडे वळविणें, हा तूर्त शहाणपणाचा मार्ग दिसतो.

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच कोणी विचारीत नाहीं. नांव कोणाच्या नांवें घ्यावयाचें? वाचनालयाच्या बाबतींत सामान्यतः घडतें तें असें: उत्साही तरुण म्हणतो, "काका, तुम्ही काळजी करूं नका, मी आतांच घेऊन टाकतों." आणि तो आपल्या स्वतःच्या ई-मेलवर, आपल्या बँकेच्या कार्डानें, आपल्या खात्यांत तें घेऊनहि टाकतो. त्याचा हेतु निर्मळ असतो. चिटणिसांना शंभर-दोनशें रुपयांची पावती मागण्याचाहि संकोच वाटतो. पुढें तरुण नोकरीनिमित्त परगांवीं जातो, त्याचा ई-मेल बदलतो, मुदत संपल्याच्या सूचना त्या जुन्या पत्त्यावर जाऊन पडतात, आणि एके सकाळीं वाचनालयाचें नांव भलत्याच जाहिरातीचें पान दाखवूं लागतें. सातबाऱ्यावर दुसऱ्याचें नांव असतां शेतांत कितीहि वर्षें नांगर धरला, तरी मालकी सिद्ध करणें कठीण जातें. येथेंहि नोंदणीदार म्हणून ज्याचें नांव लागलें आहे, त्याचा शब्द रजिस्ट्रार मानतो. जागा, पानें, चित्रें सर्व वाचनालयाचीं असलीं तरी त्यांच्याकडे नेणारी वाट तरुणाच्या खात्यांत आहे.

म्हणून नोंदणी संस्थेच्या नांवें, संस्थेच्या अशा ई-मेलवर कीं जो पदाधिकारी बदलले तरी राहील. तो ई-मेल त्याच नव्या नांवावरचा नसावा. नांवच बंद पडलें तर ज्या पेटींत सूचना यावयाच्या ती पेटीहि बंद होते. नोंदणीनंतर रजिस्ट्रारकडून पडताळणीचें पत्र येतें. "कॉम", "ऑर्ग" यांसारख्या शेवटांना त्याचें उत्तर १५ दिवसांत दिलें नाहीं, तर चालतें नांव स्थगित होऊं शकतें. जाहिरात समजून तें पत्र पुसून टाकणारे लोक थोडे नाहींत.

आतां प्रत्यक्ष जोडणी. हिचीं दोन टोकें आहेत, आणि बहुतेक सगळा घोटाळा एकच टोक बांधून थांबल्यामुळें होतो.

मुंबईच्या एखाद्या मोठ्या चाळीची येथें आठवण करावी. रस्त्यावरून पाहिलें तर चाळीला क्रमांक एकच. आंत बिऱ्हाडें शंभर. क्रमांक ठाऊक असलेला मनुष्य दारापर्यंत येतो, दारावरचा पहारेकरी विचारतो, "कोणाकडे जावयाचें?" आणि पाटीवर तें नांव असेल तरच जिना दाखवितो. संकेतस्थळांच्या बाबतींत असेंच आहे. जागा देणाऱ्या कंपनीच्या एका अंकावर हजारों संकेतस्थळें नांदत असतात. नांवांच्या वहींत अंक लिहिणें म्हणजे वाट पाहुण्याला दारापर्यंत आणणें. कंपनीच्या खात्यांत नांव लिहिणें म्हणजे पाटीवर नांव लावणें. पहिलें केलें आणि दुसरें राहिलें, तर पाहुणा दाराशीं येतो आणि "या नांवाचें येथें कोणी राहत नाहीं" असें ऐकून परत जातो. दुसरें केलें आणि पहिलें राहिलें, तर पाटी लागलेली असते, पण पाहुणा गांवांतच भटकत राहतो.

एक खरें उदाहरण घेतां येईल. गिटहब या कंपनीची पेजेस नांवाची सोय २००८ पासून आहे आणि साध्या, न बदलत्या पानांसाठीं ती फुकट मिळते. वाचनालयाला ती पुरेशी आहे. तेथें प्रथम खात्यांतील पेजेसच्या व्यवस्थेंत जाऊन "कस्टम डोमेन" या चौकटींत नांव लिहावयाचें. समजा तें "डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू डॉट अमुक-वाचनालय डॉट ऑर्ग" असें आहे. ही पाटी झाली. मग रजिस्ट्रारकडील खात्यांत नांवांच्या नोंदींचें पान उघडावयाचें. तेथें नोंदींच्या जाती अनेक दिसतील. त्यांपैकीं दोनच कामाच्या. "ए" जातीची नोंद नांवापुढें अंक लिहिते. "सी-नेम" जातीची नोंद अंक लिहीत नाहीं. "हें नांव म्हणजे तें नांव समजा, आणि त्याचा अंक त्यालाच विचारा" असें सांगते. तीन डब्ल्यूंच्या नांवाला सी-नेम लावून तें गिटहबनें दिलेल्या मूळ पत्त्याकडे वळवावयाचें. उघड्या नांवाला, म्हणजे मागें तीन डब्ल्यू नसलेल्या नांवाला, चार "ए" नोंदी लावावयाच्या: १८५.१९९.१०८.१५३, आणि तिसऱ्या स्थानीं १०८ ऐवजीं १०९, ११० व १११ घालून होणारे आणखी तीन अंक. हे अंक यंत्रांत अर्थातच इंग्रजी अंकांत भरावयाचे.

उघड्या नांवाला वेगळी वागणूक कां, असा प्रश्न जिज्ञासूला पडतो. कारण नियमांतच आहे. ज्या नांवाला सी-नेम लावलें, त्या नांवाविषयीं वहींत दुसरें कांहींहि लिहितां येत नाहीं. "सर्व तिकडे विचारा" असें एकदां म्हटल्यावर इकडे दुसरें काय लिहिणार? पण उघड्या नांवापुढें त्याच्या नेमसर्व्हरांची नोंद असणें भागच आहे. तिच्यावांचून वहीच सांपडणार नाहीं. दोन्ही एकत्र नांदूं शकत नाहींत. कांहीं कंपन्यांनीं यांतून पळवाट काढली आहे: त्या बाहेरून सी-नेमसारखी नोंद घेतात आणि आंतून तिचें अंकांत रूपांतर करून ठेवतात. ती सोय असेल तर वापरावी; नसेल तर चार अंक लिहिण्याचे कष्ट फार नाहींत.

नोंदी भरतांना होणारे प्रमाद ठराविक आहेत. नोंदीच्या डाव्या चौकटींत फक्त तीन डब्ल्यू लिहावयाचे असतात, कारण पुढचें नांव यंत्र आपोआप जोडतें. भोळा मनुष्य पूर्ण नांव लिहितो आणि वहींत नांवाच्या शेपटाला तेंच नांव पुन्हां लागतें. रजिस्ट्रारनें आपल्या जाहिरातीच्या पानाकडे नेणारी एक "ए" नोंद आधींच घालून ठेवलेली असते. ती पुसली नाहीं तर निम्मे पाहुणे वाचनालयांत आणि निम्मे जाहिरातींत जातात, आणि दुरुस्त करणाऱ्याला भुताटकी झाल्यासारखें वाटतें. तिसरा प्रमाद सर्वांत त्रासदायक. नांव नोंदविलें एकीकडे, पण त्याची वही, म्हणजे नेमसर्व्हर, पूर्वीं कोणीतरी दुसऱ्या कंपनीकडे नेलेली असते. अशा वेळीं रजिस्ट्रारकडे नोंदी कितीहि बदलल्या तरी परिणाम शून्य. ती वही आतां कोणी वाचीतच नाहीं. म्हणून नोंदींना हात लावण्यापूर्वीं नेमसर्व्हर कोणाचे आहेत हें पाहून घ्यावें.

आणि "एम-एक्स" जातीच्या नोंदी दिसल्या तर त्यांना मुळींच हात लावूं नये. त्या टपालाच्या आहेत. संकेतस्थळ चालू करण्याच्या भरांत "जुनें सर्व पुसून टाका" असा सल्ला ऐकून त्या नोंदी पुसल्या म्हणजे संस्थेचें ई-मेल त्या क्षणापासून बंद होतें, आणि तें बंद झालें आहे हें सांगणारें पत्रहि येऊं शकत नाहीं.

नोंदी बरोबर भरल्या तरी नवें घर लगेच दिसेल असें नाहीं. "नोंद जगभर पसरण्यास २४ तास लागतात" असें सांगण्याची रूढि आहे. ती थोडी दिशाभूल करणारी आहे. कांहींच पसरत नसतें. जगांतील असंख्य मध्यस्थ सर्व्हर एकदां विचारलेलें उत्तर कांहीं काळ ध्यानांत ठेवतात, आणि तो काळ किती तें नोंदींतच सेकंदांत लिहिलेलें असतें: ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे एक दिवस. तेवढा वेळ ते जुनेंच उत्तर देत राहतात. म्हणून जाणता मनुष्य घर बदलण्याच्या आदल्या दिवशीं हा आंकडा ३०० वर आणून ठेवतो. दुसऱ्या दिवशीं नोंद बदलली कीं बहुतेक ठिकाणीं पांच मिनिटांत जुनी आठवण सरते. आणखी एक बारकावा असा, कीं "असें नांव नाहीं" हें उत्तरहि ध्यानांत ठेवलें जातें. नोंद घालण्यापूर्वींच उतावीळपणें दहा वेळां पत्ता उघडून पाहणारा स्वतःच्याच वाटेंत तो नकार पेरून ठेवतो.

घर दिसूं लागलें, तरी ब्राउझर "हें स्थळ सुरक्षित नाहीं" म्हणून घाबरवितो. नांव आणि घर यांचें नातें खरें आहे असें सांगणारें प्रमाणपत्र अजून मिळालेलें नसतें. पूर्वीं त्यासाठीं पैसे मोजावे लागत. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनें २०१५ पासून तें फुकट देण्यास आरंभ केला, आणि १ मे २०१८ पासून गिटहब पेजेसवर स्वतःच्या नांवांनाहि तें आपोआप मिळूं लागलें. त्याची एकच अट: नोंदी बरोबर असल्या पाहिजेत. प्रमाणपत्र येण्यास कधीं मिनिटें लागतात, कधीं एक दिवस. तें आलें म्हणजे "एन्फोर्स एचटीटीपीएस" या चौकटींत खूण करून टाकावी. मग परक्या भ्रमणध्वनीवरून, वाचनालयाच्या वायफायवर नव्हे, नांव चार प्रकारें उघडून पहावें: तीन डब्ल्यू लावून आणि न लावतां, सुरक्षित रूपानें आणि साध्या रूपानें. चारी वाटा एकाच पानावर आल्या म्हणजे जोडणी पुरी झाली.

येथें बहुतेक जण थांबतात. परंतु दोन धोके यानंतरच सुरू होतात.

पहिला धोका रिकाम्या घराचा. समजा दोन वर्षांनीं वाचनालयानें गिटहबची जागा सोडली. पाटी काढली, पण वहींतील ओळ तशीच राहिली. वाट अजून त्याच चाळीच्या दाराशीं येते आहे आणि पाटीवरची जागा मोकळी आहे. एखादा भामटा त्याच चाळींत बिऱ्हाड करून पाटीवर वाचनालयाचें नांव लावतो. पहारेकऱ्याला खरें-खोटें कसें कळावें? वाचनालयाच्या नांवानें जुगाराचीं पानें दिसूं लागतात आणि वाचनालयाला त्याचा पत्ताहि नसतो. याला उपाय दोन. जागा सोडतांना आधीं वहींतील ओळ पुसावी, मग पाटी काढावी. आणि जोडतांना उलट क्रमानें, आधीं पाटी, मग ओळ. शिवाय गिटहबमध्यें नांवाची मालकी सिद्ध करण्याची सोय आहे: कंपनी एक सांकेतिक अक्षरमाला देते, ती "टेक्स्ट" जातीची नोंद म्हणून वहींत लिहावयाची. ज्याच्या हातीं वही, तोच ती लिहूं शकतो. त्यामुळें दुसऱ्या कोणाला त्या कंपनींत तें नांव लावतां येत नाहीं. पांच मिनिटांचें काम आहे, आणि तें ऐच्छिक असल्यामुळें सहसा होत नाहीं. "कोणतेंहि उपनांव येथेंच आणा" अशी सरसकट नोंद ताराचिन्हानें करतां येते. ती तर कधींच करूं नये, कारण मालकानें न निर्मिलेल्या नांवांचेंहि दार तिनें उघडें राहतें.

दुसरा धोका मुदतीचा. नांव विकत मिळतें असें बोलण्यांत म्हणतात. वस्तुतः तें कौलानें मिळतें. "कॉम", "ऑर्ग" यांसारखीं नांवें एका वेळीं फार तर १० वर्षांसाठीं घेतां येतात. पहिल्या वर्षीं सवलतीचा दर असतो आणि दुसऱ्या वर्षींचा दर पाहून चिटणीस दचकतात. तेव्हां नूतनीकरणाचा दर आधींच विचारावा. मुदत टळून नांव वहींतून काढलें गेलें, तरी त्यापुढें ३० दिवस जुन्या मालकाला तें जादा दंड भरून सोडवितां येतें. ते दिवस सरले कीं नांव बाजारांत येतें, आणि जुन्या, नांवाजलेल्या नांवांवर टपून बसलेल्यांचा धंदाच त्यावर चालतो.

हें केवळ गांवच्या वाचनालयालाच भोंवतें असें नाहीं. १९९९ च्या नाताळांत मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेल टपालाचे असंख्य ग्राहक आपल्या पेट्या उघडूं शकेनात. यंत्रें धडधाकट होतीं, पत्रें जागच्या जागीं होतीं. ग्राहकाची ओळख पटविण्याचें काम ज्या "पासपोर्ट डॉट कॉम" या नांवावर चाले, त्याची ३५ डॉलर फी भरावयाची राहून गेली होती. कंपनीशीं संबंध नसलेल्या एका अमेरिकन प्रोग्रॅमरच्या तें लक्षांत आलें. त्यानें आपल्या कार्डावरून ते ३५ डॉलर भरले आणि सेवा पुन्हां सुरू झाली.

वाचनालयाच्या चिटणिसांनीं इतकें करावें: रजिस्ट्रारचें नांव, खात्याचा ई-मेल, नेमसर्व्हर कोणाचे, जागा कोणाची, आणि मुदत संपण्याची तारीख, या पांच ओळी दप्तरांतील एका पानावर लिहून ठेवाव्या; परवलीचा शब्द बंद पाकिटांत कपाटांत ठेवावा आणि खात्याला दुहेरी कुलूप असेल तर त्याचे राखीव आंकडेहि त्यांतच; आणि तरुण परगांवीं जाण्यास निघाला असेल, तर निरोपाच्या चहाच्या वेळींच खातें संस्थेच्या नांवें करून घ्यावें.